आधी त्या टाकीकडे बघू

पत्राचा सारांश

मराठवाड्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र. वय 25, सिव्हिल इंजिनिअर, पदवीला प्रथम श्रेणी. शिक्षण संपल्यावर 14 महिने एका कंत्राटदाराकडे साइटवर नोकरी केली, गावोगावच्या नळयोजनांच्या कामावर. मग नोकरी सोडून अडीच वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राज्यसेवेची तयारी. एकदा पूर्व परीक्षा निघाली आणि मुख्यचा कट-ऑफ थोडक्यात हुकला. दुसऱ्या वेळी पूर्वमध्येच अडकली. वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. आता पब्लिक पॉलिसी किंवा लोकप्रशासन यात पदव्युत्तर पदवी घ्यावी असं तिच्या मनात आहे. समोर तीन वाटा आहेत: दिल्लीतल्या एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, ज्याला फी आणि राहणं धरून दहा लाख लागतील आणि त्यासाठी कर्ज काढावं लागेल; राज्यातल्या विद्यापीठात अगदी कमी खर्चात लोकप्रशासनाचं एम.ए.; किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, प्रवेशासाठी प्रयत्न. ती विचारते, "परीक्षेतून जमलं नाही तर निदान या पदवीतून सरकारमध्ये शिरता येईल ना? तिन्हींत वजन कुठलीला आहे? इंग्रजी माझं बेताचंच. अडीच वर्षं वाया गेलीच आहेत, आणखी दोन जायला नकोत."

उत्तर

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला तूच म्हणते.

तुझं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यातली तीन पानं कॉलेजं, फी, कट-ऑफ आणि लोक काय म्हणतील यावर गेली आहेत. पण दुसऱ्या पानाच्या तळाशी तू मध्येच एका टाकीबद्दल लिहिलंस. तुम्हीच बांधलेली टाकी. उद्भव विहिरीला, म्हणजे योजनेला पाणी पुरवणाऱ्या विहिरीला, पाणी होतं, पाइपलाइन पडली, घरोघर नळ बसले, एमबी, म्हणजे कामाची मोजमाप पुस्तिका, रेकॉर्ड झाली, अंतिम बिल निघालं. सहा महिन्यांनी त्याच रस्त्याने जाताना तू गाडी थांबवलीस, तर टाकी कोरडी. पंपाचं वीजबिल थकलं म्हणून कनेक्शन तोडलेलं. एक आजी त्या टाकीच्याच सावलीत घागर घेऊन टँकरची वाट बघत बसली होती. तू लिहितेस, "मोजमापं मीच घेतली होती, सगळी बरोबर होती." आणि पुढच्या ओळीत पुन्हा फीचा विषय.

ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! पदवीचं उत्तर मला त्यातच शोधायचं आहे. पण त्याआधी तुझ्या काही समजुती तपासू, कारण त्या तुझ्या एकटीच्या नाहीत. तशी पत्रं मला दर महिन्याला येतात.

पहिली समजूत अशी की ही पदवी म्हणजे सरकारचं मागचं दार. तसं नाही, हे मी स्पष्ट सांगते. आपल्याकडे तहसीलदार, गटविकास अधिकारी, उपजिल्हाधिकारी व्हायला परीक्षाच द्यावी लागते आणि त्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. पब्लिक पॉलिसीचं एम.ए. केलं म्हणून राजपत्रित पद कुणी देत नाही. या पदवीनंतर लोक काम करतात ते मंत्रालयांच्या किंवा मोठ्या प्रकल्पांच्या सल्लागार कक्षांत, संशोधन संस्थांत, स्वयंसेवी संस्थांत, कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागांत, आमदार-खासदारांसोबत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सल्लागार म्हणून. यातली बरीच कामं कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार, मग नूतनीकरणाची वाट बघणं. घरात कायम नोकरीची अपेक्षा असेल तर हे वडिलांना आजच सांगायला हवं, कर्जाच्या कागदावर त्यांची सही झाल्यावर नाही. काम मात्र खरं असतं, आणि चांगल्या ठिकाणी पडलं तर एखाद्या तरुण अधिकाऱ्यापेक्षा जास्त मोकळेपणाने करता येतं.

दुसरी समजूत, की पब्लिक पॉलिसी आणि लोकप्रशासन म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावं. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण तुझी निवड इथेच ठरेल.

वडिलांची पगारपत्रकाची पावती माग. त्यात दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. हा कर आपल्या राज्यात 1975 च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. त्याची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. आधी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात छोट्या प्रमाणावर प्रयोग झाला. मग 1972 चा दुष्काळ आला आणि योजना राज्यभर गेली. 1977 मध्ये कायदा झाला, 1979 च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. मागणाऱ्याला 15 दिवसांत काम द्यायचं, आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदाराने उचलायचा. खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी आणि मुंबईतल्या कारकुनाचा पगार यांची अशी गाठ घालणं, हे धोरण. पैसा कुठून येणार, हक्क कुणाला, किती दिवसांत, नाही मिळालं तर काय, हे प्रश्न धोरणाचे. 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

पण कायदा झाला म्हणून बाईच्या हातात पैसे पडत नाहीत. त्यासाठी मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, वेळेवर निघावं लागतं, मातीकाम मोजावं लागतं, मोजमाप झाल्याशिवाय मजुरी निघत नाही आणि मोजणारा आठवडाभर फिरकला नाही तर चूल पेटत नाही. हे प्रशासन. गावपातळीवरच्या प्रशिक्षणाच्या कामात मी पंधरा-सोळा वर्षं काढली. त्यात चांगलं धोरण वाईट मस्टरमुळे मेलेलं पाहिलं, आणि अगदी लंगडा जीआर, म्हणजे शासन निर्णय, एखाद्या ग्रामसेविकेने जिवाच्या आकांताने चालवून दाखवलेलाही पाहिला.

आता तुझी टाकी. जल जीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं, माणशी रोज 55 लिटर पाणी घरातल्या नळाला, हे त्याचं उद्दिष्ट. बांधकामाला केंद्राचा पैसा आहे, राज्याचा आहे. योजना बांधून झाली की चालवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची. पाणीपट्टी वसूल होत नाही, झाली तरी पंपाच्या बिलाला पुरत नाही. मग प्रश्न दोन तऱ्हेने विचारता येतो. "या गावात वसुली का होत नाही, बिल कुणी भरायचं होतं, ऑपरेटरला पगार मिळतो का, आणि पुढच्या आठवड्यात पंप सुरू करायला काय करावं लागेल?" असं तुझ्या मनात आधी येत असेल तर तुझा कल प्रशासनाकडे आहे. "बांधायला पैसा देणारी आणि चालवायला न देणारी रचना मुळात केली कुणी, शेतीपंपाला वेगळा दर आहे तर पाणीयोजनेच्या पंपाचा दर कसा ठरतो, आणि हे बदलायचं तर कुठल्या पातळीवर?" असं येत असेल तर तू धोरणाच्या बाजूची. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. मात्र ते वेगवेगळ्या वर्गांत शिकवले जातात.

लोकप्रशासन हा आपल्याकडे जुना विषय आहे. नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग 1949-50 च्या सुमाराला उभा राहिला. अमेरिकी अभ्यासक पॉल ॲपलबी यांच्या अहवालानंतर 1954 मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था निघाली. संघटना, कार्मिक व्यवस्था, अर्थसंकल्प, स्थानिक शासन असा या विषयाचा गाभा. पब्लिक पॉलिसीच्या पदव्या आपल्याकडे मुख्यतः गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने ही पदवी 2014 मध्ये सुरू केली, आयआयटी मुंबईत ती त्यानंतर आली. तिथे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा आणि मूल्यमापन यांवर भर असतो.

आता तुझ्या तीन वाटा.

दिल्लीच्या संस्थेबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. अशा संस्थांतले काही शिक्षक फार चांगले असतात, दिल्लीत ओळखी होतात, सल्लागार कंपन्या तिथे भरतीला येतात. पण दहा लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी घेतलं आणि सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता साधारण 17,000 रुपये होतो. वडील निवृत्त झाल्यावरही तीन-चार वर्षं तो चालू राहील. हा हप्ता डोक्यावर असताना तू जिल्ह्यात, कमी पगारावर, पाण्याच्या कामात राहू शकशील? तो हप्ता तुला गुरुग्रामच्या ऑफिसात बसवेल, आणि टाकी मागे पडेल. त्या संस्थेला फोन करून तीन गोष्टी लेखी माग. ही विद्यापीठाची पदवी आहे की संस्थेचं प्रमाणपत्र? काही एकवर्षीय अभ्यासक्रमांना यूजीसीची मान्यता असलेली पदवी मिळत नाही, आणि पुढे प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा किंवा पीएच.डी. करायची झाली तर तिथे अडतं. मागच्या दोन तुकड्यांतले सगळे विद्यार्थी आज कुठे आहेत? निवडक पाच जणांचे फोटो नकोत, सगळ्यांची यादी हवी. आणि फी-सवलत किती जणांना मिळाली? उत्तर गोलमोल आलं तर तेच तुझं उत्तर समज. शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेल्या वाचकांनी संस्था आणि अभ्यासक्रम महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर बसतो का हेही प्रवेशाआधी बघून घ्यावं. नंतर कळून उपयोग नसतो.

विद्यापीठातल्या एम.ए.कडे तू जरा खालच्या नजरेने बघतेस असं मला वाटलं. पुण्याच्या विद्यापीठात राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन असा जुना विभाग आहे. चांगला प्राध्यापक आणि मोठं ग्रंथालय हाताशी असेल तर या पदवीत खूप काही होतं. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे आणि वैकल्पिक विषयांत लोकप्रशासन आहे, त्यामुळे परीक्षा सोडायची नसेल तर अभ्यास वाया जात नाही. खुल्या गटाला वयाची मर्यादा 38 आहे, म्हणजे ते दार तुझ्यासाठी अजून बराच काळ उघडं राहील. कमतरता एवढीच की आकडेमोडीची, सर्वेक्षणाची, क्षेत्रकार्याची सवय बऱ्याच विभागांत फारशी लागत नाही. ती स्वतः लावून घ्यावी लागेल. नोकरी करत शिकायचं असेल त्यांना इग्नू या मुक्त विद्यापीठाचं लोकप्रशासनाचं एम.ए. आहे. विषय समजतो, मात्र सोबतीचे विद्यार्थी मिळत नाहीत.

टिस. पब्लिक पॉलिसीचं एम.ए. त्यांच्या हैदराबादच्या आवारात आहे, हे बऱ्याच मुलांना फॉर्म भरताना कळतं. आणि तुझ्या घरापासून काही तासांवर, तुळजापूरला, त्यांचं ग्रामीण आवार 1986 पासून आहे. तिथे ग्रामीण विकासाशी जोडलेले अभ्यासक्रम चालतात आणि विद्यार्थी खेड्यांत जाऊन राहतात. मुंबईतलं देवनारचं आवार म्हणजेच टिस असं डोक्यात धरून तुळजापूर वगळू नकोस. प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आणि एक वाट तू लिहिलीच नाहीस. मला ती तुझ्यासाठी सर्वांत जवळची वाटते. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं एक केंद्र आहे, 1985 पासून. सगळे त्याला 'सितारा' म्हणतात. तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. होतं. इंजिनिअरांना तिथे प्रवेश मिळतो, गेट परीक्षेतून. विद्यार्थी गावात राहून अभ्यास करतात, आणि ग्रामीण नळयोजना का बंद पडतात यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. गेटमधून एम.टेक.ला गेलेल्यांना दरमहा पाठ्यवेतन मिळतं. गेली काही वर्षं त्याचा दर 12,400 रुपये आहे. दिल्लीच्या हप्त्यासमोर हा आकडा ठेवून बघ. गेट फेब्रुवारीत असते, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटतात. अवघड आहे, हे मी लपवत नाही. अडीच वर्षं राज्यघटना आणि इतिहास वाचल्यावर पुन्हा स्थापत्यशास्त्राची पुस्तकं उघडायला जीव नको म्हणेल. पण तू इंजिनिअर आहेस हे तुझ्या पत्रातून जवळजवळ पुसलं गेलंय, जणू ती पदवी दुसऱ्या कुणाची होती. धोरणावर बोलणारे पुष्कळ भेटतात. पाइपचा व्यास आणि पंपाची क्षमता कळून बोलणारे फार कमी.

पदवीच्या आधी एक वर्ष कामात घालवणं हीसुद्धा वाटच आहे, आणि तुझ्या वयामुळे तिचा विचार आत्ताच करायला हवा. मुख्यमंत्री फेलोशिपला वयोमर्यादा 21 ते 26, प्रथम श्रेणीची पदवी आणि वर्षभराचा अनुभव लागतो. तुझे 14 महिने इथे उपयोगी पडतात. फेलो सरकारी कार्यालयात बसतात, सोबत आयआयटीचं शिक्षणही चालतं. दिल्लीत खासदारांसोबत काम करण्याची लॅम्प फेलोशिपही आहे, तिची वयाची अट आणखी कडक आहे. दोन्हींच्या यंदाच्या अटी त्यांच्या संकेतस्थळावर वाचून घे, पुढच्या वर्षीवर टाकू नकोस. वर्षभर फाइल कशी फिरते ते जवळून पाहिलेल्या मुलीला कुठल्या वर्गात बसायचं ते आपोआप कळतं.

परदेशाबद्दल तू विचारलं नाहीस, पण इतरांसाठी एवढंच: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो. स्वतःच्या खर्चाने परदेशी पब्लिक पॉलिसी करायला मी सहसा कुणाला सांगत नाही.

अभ्यासक्रम कुठलाही निवडलास तरी त्याची विषयांची यादी मागवून एक गोष्ट जरूर बघ: सार्वजनिक वित्त शिकवतात का? बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.साठी विषय घेतला तो प्रांतांच्या वित्तव्यवस्थेचा. पैसा वरून खाली कसा येतो आणि कुठे अडतो हे कळलं की अर्धं सरकार कळतं. ज्या अभ्यासक्रमात अर्थसंकल्प वाचायला शिकवत नाहीत आणि विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढत नाहीत, तो नावाने कितीही मोठा असला तरी तुझ्या कामाचा नाही.

इंग्रजीची भीती आहे, ती सांगतेच. प्रवेशाच्या निबंधाला आणि वाचनाला इंग्रजी लागेल, त्यावर रोज तासभर घाल. पण मंत्रालयातली टिपणी मराठीत लिहिली जाते, जीआर मराठीत निघतो, ग्रामसभेचं इतिवृत्त मराठीत असतं. दिल्लीहून आलेले हुशार सल्लागार एका शासन निर्णयासमोर अडून बसलेले मी पाहिले आहेत, "यथोचित" आणि "तद्नंतर" यांच्यात हरवलेले. तुला ते सहज वाचता येतं आणि म्हातारीशी टाकीखाली बसून बोलताही येतं.

आणि ती अडीच वर्षं. अभ्यासिकेत बसून तू पंचायतींना अधिकार देणारी 73 वी घटनादुरुस्ती पाठ केलीस, अकराव्या अनुसूचीतले 29 विषय पाठ केलेस. पिण्याचं पाणी त्यातलाच एक विषय. ग्रामपंचायतीकडे विषय आला आणि पैसा आला नाही, हे तुझ्या टाकीने तुला दाखवलं. कलम तुला माहीत आहे आणि कोरडी टाकीही माहीत आहे. दोन्ही ठाऊक असलेली माणसं त्या दिल्लीच्या वर्गात फार नसतील. वाया गेली म्हणू नकोस, निदान माझ्यासमोर तरी.

आता तुला करायचं काम. कुठलाही फॉर्म भरण्याआधी तीन आठवडे काढ आणि त्या गावी जा. ग्रामसेवकांना भेट. पाणीपट्टी किती घरांकडून येते ते रजिस्टरवर बघ. थकलेलं वीजबिल बघ, कुठल्या महिन्यापासून थकलं ते लिहून घे. ऑपरेटरला शोध. योजनेचा जीआर मिळव. मग दोन पानं लिही, मराठीतच: काय ठरलं होतं, काय झालं, तू काय बदलशील. लिहिताना तुझा हात कुठे रेंगाळतो ते बघ, पंप सुरू करण्यापाशी की नियम बदलण्यापाशी. हीच दोन पानं पुढे प्रवेशाच्या निबंधाचा आणि मुलाखतीचा कणा होतील. "मला समाजासाठी काही करायचंय" असं लिहिणारे शेकड्याने असतात.

जाताना जमलं तर वडिलांना सोबत ने. जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत, गावात त्यांच्याशी लोक मोकळेपणाने बोलतील, आणि तू कशाच्या मागे आहेस ते त्यांना कर्जाच्या कागदापेक्षा त्या टाकीखाली लवकर कळेल.

पानं झाली की मला पाठव. वीजबिलाचा आकडा त्यात नक्की असू दे.